त्याच मापाची गोळी

३ फेब्रुवारी

आजपासून पाठीची नोंद पद्धतशीर ठेवणार. डॉक्टर लोक विचारतात, दहापैकी किती दुखतं? दहा काय? किलो, लिटर, काही तरी सांगाल की नाही? वर हसऱ्या-रडक्या तोंडांचा तक्ता पुढे करतात. ही बालवाडीत शिकवते, तिच्या वर्गातही याहून बरे तक्ते आहेत. मी वेदना ॲम्पिअरमध्ये मोजणार. करंट वाढला की तार तापते. पाठीचं तेच आहे. आज सकाळी सात ॲम्पिअर.

ही मला डोक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांच्या मते मला पाठदुखीच्या गोळ्यांचं व्यसन लागलं आहे. मी शांतपणे वस्तुस्थिती मांडली. पंपाची मोटार एकट्याने उचलली, पाठ गेली. गोळ्या सुरू झाल्या. मग गोळ्या वाढल्या. यात व्यसन कुठे आलं? व्यसनी माणसाला मजा येते. मला मजा येत नाही. घेतली नाही तर वाईट वाटतं, एवढंच.

ठरलं ते असं : दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. गोळ्या हिच्या पर्समध्ये राहणार. जिभेखाली ठेवायचं एक वेगळं औषधही बाईंनी देऊ केलं, त्याने उतरणं सोपं जातं म्हणे. मी नम्रपणे नाकारलं. म्हटलं, एक जळकी मोटार काढून तिथे दुसरी जळकी बसवायची, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. बाई म्हणाल्या, तुम्ही मोटार नाही आहात. मला पटेल असा पुरावा मात्र त्यांनी दिला नाही.

महिन्याभरात मोकळा. लिहून ठेवतो.

६ फेब्रुवारी

बाईंच्या सांगण्यावरून गटाच्या सभेला गेलो. गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन डुगडुगणाऱ्या. गटात सगळे व्यसनी, मी एकटाच पेशंट. प्रत्येकाने उठून, मी व्यसनी आहे, असं म्हणायचं. मी म्हणालो, मी मोटार वाइंडर आहे, शिक्षण स्वतःचं स्वतः घेतलं. तरी टाळ्या वाजवल्या. शेजारचे एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, इंजिनिअर, मी तर पहिल्या दिवशी मेव्हण्याला सोडायला आलोय असं सांगितलं होतं. सगळे हसले. विनोद मला कळला नाही.

पाठ : सात. पण स्थिर सात.

९ फेब्रुवारी

दुकानात पंख्याच्या मोटारीची कॉइल भरताना वेढे मोजायचे दोनदा चुकलो. शटरमधून वारा येतो, त्याने लक्ष जातं. सारख्या जांभया, नाक गळतंय, अंगावर काटा. सर्दीच. ही म्हणाली, अहो, बाईंनी सांगितलं होतं, गोळ्या उतरताना असं होतं. मी म्हणालो, सर्दीला काय ठाऊक माझ्या गोळ्या उतरताहेत?

आई इस्पितळातून घरी आली. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. आत पट्टी आणि स्क्रू घालून जोडलं. पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी. डाव्या कुशीवर वळायचं नाही. खुब्याच्या पोटात कुणी पाना फिरवतंय असं दुखतं, म्हणाली. आई असली उपमा कधी देत नाही. माझ्यासाठी दिली असणार.

तिच्या गोळ्या इस्पितळातून सुट्या मिळाल्या, पांढऱ्या झाकणाच्या डबीत. बघताक्षणी ओळखल्या. माझ्याच. त्याच कंपनीच्या, त्याच ताकदीच्या. हिच्या लक्षात आलं नाही; माझ्या पाकिटात येतात ना. लोकांना निरीक्षणाची सवय नसते.

११ फेब्रुवारी

आईच्या औषधांची जबाबदारी मी अंगावर घेतली. ही नको म्हणत होती. आई पलंगावरून म्हणाली, राहू दे गं, माझा मुलगा आहे तो, विष नाही घालणार. हिने डबी माझ्या हातात दिली. आईचा माझ्यावर विश्वास आहे. घरात निदान एकीचा तरी आहे.

दुपारी डबीतली एक उसनी घेतली. रविवारी माझ्या वाटणीची येईल तेव्हा परत टाकणार. हा नुसता वेळेचा प्रश्न आहे.

पाठ : तीन ॲम्पिअर! सर्दीही गेली. कॉइल एका दमात भरली.

१४ फेब्रुवारी

रविवारची माझी आली. टाकायला गेलो तर आधीचीच तीन देणी झालेली. एक टाकून उपयोग काय? घेतली.

डबी हलकी वाजू लागली आहे. ही संध्याकाळी उचलून कानाशी हलवते. स्वभाव संशयी. म्हणजे आता प्रश्न तांत्रिक झाला, आणि तांत्रिक प्रश्नापुढे मी कधी हात टेकलेले नाहीत.

हिच्या कॅल्शियमच्या गोळ्या : पांढऱ्याच, थोड्या मोठ्या. मायक्रोमीटर लावला. व्यासाला जास्त, जाडीला जास्त. पाण्याचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून हलक्या हाताने गोल घासल्या. कड मारली. मधली रेघ सुईसारख्या बारीक कानसीने. पहिल्या दोन फुटल्या. तिसरी जमली. अस्सल गोळी आणि ही शेजारी ठेवल्या. बेकरीवाला मोटार न्यायला आला होता, त्याला विचारलं, यातली वेगळी कुठली सांग. तो म्हणाला, अहो, दोन्ही सारख्याच की. मग म्हणाला, पण हे करताय काय? म्हटलं, प्रयोग.

डिग्री नसताना हे हात आहेत. असती तर काय झालं असतं!

१५ फेब्रुवारी

आईने सकाळची घेतली. पाण्याबरोबर गिळली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पाणी मागितलं. काहीही बोलली नाही. मला भरून आलं. काम चोख असलं की बोलणं उरत नाही.

तिच्यावर अन्याय होतो असं नाही. अर्धं दुखणं मनात असतं, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या. तेव्हा मला पटलं नव्हतं. माझ्या बाबतीत अजूनही पटत नाही. पण आईच्या पिढीची सहनशक्ती वेगळीच. शिवाय रात्रीची तिला खरी देतो.

१७ फेब्रुवारी

रात्रीची देतो म्हटलं होतं. कालची राहिली.

बेकरीवाला धापा टाकीत आला. त्याच्या एक्झॉस्ट फॅनची मोटार मी भरून दिली होती, ती उलटी फिरते आहे. धूर बाहेर जायचा तो आत, वर भट्टीजवळचा मैद्याचा ढीग उडून सगळ्यांच्या डोक्यावर. दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या. म्हणाला, इंजिनिअर, मी आरशात बघितलं तर मला माझे आजोबाच दिसले. स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं उलटी जोडली गेली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सप्लायचा दोष असू शकतो, असं सांगितलं. सप्लायने मोटार उलटी फिरत नाही हे त्याला माहीत नाही. मला आहे.

१९ फेब्रुवारी

व्यायामवाल्या ताई आईला उभं करायला आल्या. वॉकर धरून आई उठली, पाय टेकला, आणि तोंडातून आवाज आला. तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. ताई म्हणाल्या, आजी, गोळी घेतली आहे ना, मग एवढं दुखणार नाही, नाटकं नकोत हं. आईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, म्हातारपणी थोडी नाटकं करावीत, एरवी कोण बघायला येतं? ताई हसल्या. मीही हसलो.

ताई गेल्यावर आईच्या पाठीला हात लावला. घामाने भिजलेली. खोली बंद असते, हवा खेळत नाही. खिडकी उघडली.

२० फेब्रुवारी

हाडांच्या डॉक्टरांनी फोनवर आईचा डोस दुप्पट केला. ही इस्पितळातून दुसरी डबी घेऊन आली. मला उत्पादन वाढवावं लागणार. हिच्या कॅल्शियमचा साठा संपला, नवा आणला. औषधवाला म्हणाला, वहिनींची हाडं अगदी ठणठणीत होणार बघा.

घासताना भुकटी फार उडते. तोंडाला फडकं बांधतो.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. माझी हिच्या पर्समधली गोळी आता एकावर आली आहे. बाई खूश. म्हणाल्या, इतका त्रास न होता उतरलेला पेशंट विरळा. हिचे डोळे भरले. रिक्षात माझा हात धरून बसली, सबंध रस्ता. माझ्या बहिणीला फोन करून म्हणाली, अगं, यांनी करून दाखवलं. मध्येच म्हणाली, मी फार टोचून बोलले तुम्हाला, मनात ठेवू नका. मी मोठ्या मनाने, नाही ठेवत, म्हणालो.

गटात मला चार शब्द बोलायला लावलं. मनोनिग्रह या विषयावर बोललो. ड्रायव्हरसाहेब एकटे टाळ्या वाजवत नव्हते. बाहेर चपला घालताना म्हणाले, घसा सुकतोय का हो? मी म्हटलं, नाही. म्हणाले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, इंजिनिअर. मीही आरशात बघायचो. मत्सर, दुसरं काय.

२४ फेब्रुवारी

आईला स्ट्रेचरवरून इस्पितळात नेलं. एक्स-रे काढला. हाडांचे डॉक्टर फिल्म उजेडाला धरून कितीतरी वेळ उभे. म्हणाले, हाड जुळतंय, स्क्रू जागेवर दिसतोय, मग दुप्पट गोळ्यांवरसुद्धा दुखतं कसं? आत पू असेल, नाहीतर फिल्ममध्ये न दिसणारं काही ढिलं असेल. पुन्हा उघडून बघावं लागेल. सोमवारी.

ही म्हणाली, या वयात पुन्हा भूल? डॉक्टर म्हणाले, धोका आहेच, मी खोटं सांगणार नाही. मागच्या वेळी शुद्धीवर यायला किती त्रास झाला ते तुम्ही पाहिलंय. ही कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून रडली. मी डॉक्टरांना स्क्रू कुठल्या धातूचा, असं विचारलं. ते म्हणाले, टायटॅनियम. चांगला धातू आहे.

दुकानात येऊन बसलो. विचार केला. मार्ग सोपा आहे. उद्यापासून आईला सगळ्या खऱ्या. दोन दिवसांत दुखणं उतरेल, डॉक्टरांना दिसेल, ऑपरेशन रद्द. कुणाला कळायचं कारण नाही. माझं थोडं दुखेल. दुखू दे. आई आहे.

आता खरं मनोबल दिसेल.

२५ फेब्रुवारी

सकाळी आईला दोन्ही खऱ्या दिल्या. स्वतःच्या हाताने, जिभेवर. तासाभरात झोपली. तोंड थोडं उघडं, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. किती दिवसांत अशी बघितली नव्हती. ही बालवाडीतून आली, दारातच थांबली, हळूच म्हणाली, अहो, बघा की, झोपल्यात.

मी जिंकलो.

दुपारी. जांभया. पाय आतून कुणी ओढतंय. पोट बिघडलं. बारा ॲम्पिअर. माझ्या मोजपट्टीवर बारा नव्हतेच. दुकानात फरशीवर आडवा झालो, शटर अर्धं ओढून. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारून गेलं. आईची चारची वेळ होत आली.

चारची मी घेतली. फक्त ती. आईने सकाळी दोन घेतल्यात, एवढ्यात लागणारही नाही.

२६ फेब्रुवारी

मधला मार्ग काढला. एक खरी, एक माझी. दोघांनाही थोडं थोडं.

दोघांनाही पुरत नाही.

आईने आज वॉकरला हातही लावला नाही. ताईंना म्हणाली, बाई, माझी नाटकं संपली. हिने गरम पाण्याची पिशवी ठेवली, आईने ती माझ्याकडे सरकवली. म्हणाली, तूच घे, तुझी पाठ.

२७ फेब्रुवारी

एकही खरी दिली नाही. कारण लिहायला बसलो होतो. कारण नाही.

बहीण परगावहून आली, ऑपरेशनसाठी. आल्या आल्या म्हणाली, दादा, किती खराब झालास रे, आईची सेवा करून करून. स्वयंपाकघरात ही तिला माझं कौतुक सांगत होती. भिंत पातळ आहे. सगळं ऐकू येतं.

२८ फेब्रुवारी

निर्णय पक्का. उद्या सकाळी भरती, त्याआधी हाडांच्या डॉक्टरांची गाठ. मी त्यांना सांगणार. एकटं गाठून, पुरुषासारखं. वाक्यही तयार आहे : डॉक्टर, औषध पोचवण्याच्या व्यवस्थेत एक दोष होता, तो माझ्या बाजूने होता, पेशंटला मूळ औषध मिळालेलं नाही. यात सगळं येतं. दोष शब्द दोनदा घालावा का?

उद्या भूल देण्याआधी सांगितलं की झालं. घाई करण्यात अर्थ नाही.

१ मार्च

इस्पितळ. आईला हिरवा गाऊन घातला. बांगड्या काढल्या, एक निघेना, नर्सने साबण लावला. हाडांचे डॉक्टर, भूलवाल्या बाई, ही, बहीण, मी. एकटं गाठायला जमलं नाही. भूलवाल्या बाईंनी हिला सही करायच्या आधी सांगितलं की हृदय थोडं दमलेलं वाटतं, आम्ही काळजी घेऊ, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा. डॉक्टरांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, शेवटचं विचारतो, गोळ्या नीट वेळेवर गेल्या आहेत ना?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं वाक्य तयार होतं. तोंड उघडलं. विचारलं, टायटॅनियमला गंज चढतो का?

डॉक्टर म्हणाले, काय?

तेवढ्यात आई बोलली. म्हणाली, डॉक्टर, मी गोळ्या गिळतच नव्हते. हा देऊन वळला की थुंकायचे. कडू लागतात. सगळ्या मोरीत टाकल्या.

 मग सगळे एकदम बोलू लागले. डॉक्टर म्हणाले, आजी, तुमच्यापायी आम्ही एक चांगला खुबा पुन्हा उघडणार होतो, कळतंय का? लहान मूल आहात का? बहीण म्हणाली, आई, काय गं हे! ही, जी आईला कधी उलट शब्द बोलली नाही, ती म्हणाली, आई, आम्ही सगळे मरतोय इथे आणि तुम्ही! हे तुमच्यासाठी रात्र-रात्र जागले.

आईने मान खाली घातली. गाऊनची नाडी बोटाला गुंडाळत होती.

मग मीही म्हणालो, आई, असं करू नये.

म्हणालो. लिहून ठेवतो.

ऑपरेशन रद्द. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस गोळ्या समोर उभं राहून द्या, तोंड उघडायला लावून बघा. हे काम कोण करणार, असं विचारलं. ही म्हणाली, हेच करतील, यांच्यावर सोडा.

२ मार्च

सकाळी बहीण आंघोळीला, ही स्वयंपाकघरात. आईने मला बोटाने बोलावलं. जवळ गेलो. कुशीवर वळता येत नाही म्हणून मान तेवढी वळवली. रागावेल म्हणून तयारीत होतो. रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं.

म्हणाली, दुखतंय रे फार. काल मी माझं केलं. आज मला खरी दे.

कधीपासून माहीत होतं, कसं ओळखलं, विचारायचं होतं. मायक्रोमीटरला कळत नव्हतं. विचारलं नाही.

तिने हात पुढे केला. तळवा वर.

डबी चादरीवर उलटी केली. एकेक उचलून उजेडाला धरली. मग नखाने खरवडली. मग जिभेला लावली. दुसरी डबी दुकानातून पळत जाऊन आणली, तीही उलटी केली. सगळ्या एका मापाच्या. कडा स्वच्छ, रेघा मधोमध. सगळ्या मीच केलेल्या. आई बघत होती, हात तसाच.

हिला हाक मारली. ती हात पुसत आली. चादरीवर पसरलेल्या गोळ्या बघून म्हणाली, अहो, सांडल्या का? मी म्हणालो, आईला खरी गोळी हवी आहे.

ही म्हणाली, खरी म्हणजे?

तयार वाक्य आठवेना. दुसरं एक लहानसं निघालं, चार शब्दांचं. ते इथे लिहीत नाही. ही खाली बसली, पलंगाच्या कडेला धरून. बहीण ओल्या केसांनी दारात उभी. आई दोघींना म्हणाली, त्याला नंतर बोला, आधी कोणीतरी औषधवाल्याकडे जा.

मी निघालो तर ही म्हणाली, तुम्ही नाही.